साता समुद्रापलीकडचा सत्कार

कुठल्याही गुणवंताला सत्कार न करता परत पाठवणं हे पाप आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. तो माझा मोठा साडू. बायको त्यांना दाजी म्हणे, म्हणून मीही दाजीच म्हणू लागलो. ते मात्र शेवटपर्यंत मला ‘पावणं’च म्हणत राहिले. खोडदला त्यांचं घर आणि शेत. शेतात कांदा, गोठ्यात थोड्या मेंढ्या, आणि ओसरीच्या खुंटीला एक कापडी पिशवी. त्या पिशवीत टॉवेल, टोपी आणि नारळ कायम तयार असे. “कोन कवा सत्काराला लायक निघंल, सांगता येत न्हाई,” असं त्यांचं म्हणणं. अडलेली मेंढी सोडवणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांचा सत्कार त्यांनी गोठ्यातच केला. वीज परत आणणाऱ्या लाइनमनला खांबावरून उतरताच टोपी घातली. त्या बिचाऱ्याला वाटलं, आता मार बसणार.

खोडदला आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या मोठमोठ्या तबकड्या आहेत. आपल्या फोनमुळे त्यांच्या कामात व्यत्यय येतो, हे दाजींनी कुठेतरी ऐकलं आणि फार मनावर घेतलं. मुलाने घेऊन दिलेला फोन त्यांनी बंद करून पत्र्याच्या डब्यात घातला आणि डबा तांदळाच्या कणगीत पुरला. मग एखाद्या दिवशी ते एसटीने जुन्नरला, मी काम करत असे त्या वाचनालयात येऊन उभे राहत. “पावणं, फोन केलाता का?”

“नाही. का हो?”

“केला असला तर म्हनून आलो.”

आणि चहा घेऊन परत जात.

ही दुर्बीण पाहायला आलेला एक परदेशी अभ्यासक काही महिने त्यांच्या माडीवर भाड्याने राहिला होता. जाताना त्याने आपला टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट दाजींना भेट दिली. त्याच्या देशातल्या एका जुन्या बँडच्या जाहीर कार्यक्रमाचं ते ध्वनिमुद्रण होतं. गुराख्यांची गावाकडची गाणी आणि विजेवरची गिटार यांची सोयरीक ज्यांनी पहिल्यांदा जुळवली, त्यांच्यापैकी हा बँड, एवढं मला त्या अभ्यासकाने समजावलं होतं. दाजींना समजावण्याची गरज पडली नाही. कॅसेटच्या डबीवर रुंद टोप्या घातलेल्या मंडळींचं चित्र होतं. दाजींनी ते निरखलं, एक गाणं ऐकलं आणि निकाल दिला, “ही आपलीच मानसं. मागं जित्राब असल्याबिगर असा गळा निघत न्हाई.” त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन मढ गावावरून घाटाखाली कोकणात उतरत. त्या गाण्यांत एक गिटार लांब, ओला सूर लावी. तो आला की दाजी म्हणत, “ह्यो बघा. घाटात पुढच्याला हाळी दिली त्यानं.”

त्यांच्या लेखी ती कॅसेट नव्हती, चालू कार्यक्रम होता. आणि चालू कार्यक्रमातून उठायचं नसतं. ते हातपाय धुऊन घोंगडीवर बसत आणि प्रत्येक गाण्यानंतर तिकडच्या लोकांबरोबर टाळ्या वाजवत. एकदा दारात कांद्याचा टेम्पो येऊन उभा राहिला. व्यापारी ओरडला, “दाजी, माल भरायचा का न्हाई, राव?” दाजींनी नुसता हात वर केला. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, मग म्हणाले, “आता भरा. त्यांचं वाद्य लावायचं चाललंय तवर.” त्या गर्दीत एक शिट्टी मारणारा होता. तो दाजींचा जणू वर्गमित्रच. “आज लई खुशीत हाय गडी,” असं ते म्हणत. शिट्टी तीच आहे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना खात होती. एवढं गायले, पण साधा नारळ कुणी दिला नाही. शेवटी एका दुपारी त्यांनी एका गाण्यानंतरच्या टाळ्यांत टेपचं लाल बटण दाबलं आणि सत्काराचं भाषण केलं. बेत असा, की टाळ्यांच्या जागेत भाषण बसवायचं. पण आपल्याकडची भाषणं कधी जागेत बसली आहेत? पुढच्या गाण्याची सुरुवात त्या भाषणाखाली पुसली गेली. मला सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता. “पावणं, भाषन लांबलं. एका मानसाचं गानं खाल्लं म्या.” त्यानंतर ती जागा आली की ते मोठमोठ्याने खोकत, पंचा झटकत, मेंढ्यांना हाका मारत. त्यामुळे ते भाषण मी कधी धड ऐकलंच नाही.

गेल्या वर्षी कांद्याच्या काढणीत दाजींच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच ते गेले. मुलाच्या फोनमध्ये त्यांचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. कणगीतल्या फोनवर कोण बोलणार? आक्का, म्हणजे त्यांची बायको, रोज कॅसेट लावून तेवढी जागा ऐकत. एक दिवस टेपने फीत ओढली, गुंतवली. आक्कांनी ती तशीच पदरात गोळा करून एका पत्र्याच्या डब्यात ठेवली, आणि पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही.

वर्षश्राद्धाला मुलगा पुण्याहून छोटा स्पीकर घेऊन आला. त्याने तो कार्यक्रम कुठूनतरी शोधून काढला होता, अगदी स्वच्छ. “आई, बाबांना त्या गाण्याची रुखरुख होती ना? हे घे, पुरं गाणं.” ते कसं सुरू होतं, हे त्या घरात प्रथमच ऐकू आलं. गोड होतं. टाळ्या झाल्या, शिट्टीही झाली. आक्का हात मांडीवर ठेवून बसून होत्या.

“चांगलं हाय रे. लई चांगलं हाय. पन ह्यात त्ये न्हाईत.”

मुलाने स्पीकर बंद केला. आक्कांनी डबा आणून माझ्यापुढे ठेवला. “पावणं, तुमी फाटकी पुस्तकं जोडता. हे बघता का?”

मी डबा उघडून फीत मांडीवर घेतली. फीत तुटली असती, तर दाजी दुसऱ्यांदा गेले असते. नखाने एकेक सुरकुती सरळ करत, पेन्सिलीने फिरवत मी ती आत घेतली. जुन्या टेपमध्ये कॅसेट घातली. खरखर झाली, सूर जरा लडखडला, टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या टाळ्यांतून दाजी उभे राहिले.

“साता समुद्रापलीकडून आपल्या आवाजानं हितवर आलेल्या समस्त कलावंतांचा टॉवेल, टोपी आनि नारळ देऊन सत्कार करन्यात येत हाये. सरपंच बाहेरगावी असल्यामुळं हा मान मी घेतो. तुमी लई लांबून आलात, आमच्या वाडवडलांची हाळी तुमी आमाला परत ऐकवली...” मागे एक मेंढी ओरडली. “आमच्या घरच्या मंडळींनी च्या टाकलाय. घेतल्याबिगर कुनी जायाचं न्हाई.”

खट्‌ असा आवाज झाला आणि गाणं मध्यातूनच सुरू झालं. मुलगा तोंडावर हात धरून बसला होता. आक्का उठल्या, पदर खोचला, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.