पेलाजिया आत्याची अट

पेलाजिया आत्याला कशाचीच लाज नव्हती. मसाकाजवळच्या त्या गावात लग्नाच्या मुलीला संसाराचं सगळं शिकवायचं काम बापाच्या बहिणीचं, आणि आत्या ते काम भर अंगणात, केळी सोलता सोलता, खणखणीत आवाजात करायची. नवऱ्याला जवळ कसं घ्यायचं, लांब कसं ठेवायचं, रुसायचं केव्हा आणि किती. मुली तोंड दाबून खिदळायच्या.

"हसता काय भवान्यांनो? तुम्ही काय आभाळातून पडलात?" आत्या म्हणायची.

तर अशा ह्या आत्याकडे एक दिवस शिंपीण जोविया धापा टाकत आली. आत्याची भाची नाबोसा हिची क्वांजुला ठरली होती. नवऱ्याकडचे वाजतगाजत येऊन चारचौघांत मुलीला मागणी घालणार, त्यासाठी जोविया गोमेसी शिवत होती. तो टोकदार खांद्यांचा, कमरेला पट्ट्याने बांधायचा घोळदार झगा.

"आत्या, पट्टा पुरत नाही हो!"

"मग लांब कर. पोरगी आहे, अंग भरतं ह्या वयात."

"अंग कुठलं? हातपाय तेवढेच काडीसारखे. नुसतं पोट वाढलंय. आणि हाताला घट्ट लागतं."

आत्याच्या हातातली सुरी थांबली. नवरामुलगा किबिरिगे तिकडे लांब गुलूला बांधकामावर. नाताळ करून गेला तो गेलाच, आणि आता तर मक्याची कणसं तयार झाली होती. मग हे पोट कुणाचं? क्वांजुलाच्या मांडवात उभं राहून 'आमच्या मुलीत खोट नाही' असं सांगायचं ते आत्यानंच. खोटं बोलली तर तोंड काळं, खरं बोलली तर लग्न मोडलं.

"जोविया, तोंड शिवून ठेव," आत्या म्हणाली.

जोवियानं गोमेसी शिवली. तोंड मात्र उघडंच राहिलं.

आणि आमची बोलभांड आत्या? तिची वाचाच बसली. नाबोसाला विचारायला दहादा गेली आणि दहादा परत आली. विचारलं आणि पोर 'हो' म्हणाली तर? त्यापेक्षा न बोलता काळजी घ्यावी. तिनं पोटुशा बायांना देतात ती मुंबवाची कांडी आणली. चिकणमातीत औषधी पाला मळून वाळवलेली. दगडावर उगाळून पाण्यात कालवली आणि पेला पुढे केला.

"पी. लग्नात चेहरा उजळ दिसतो."

आत्या म्हणते म्हणजे असेल. नाबोसानं नाक दाबून पेला रिकामा केला. रोज एक पेला, वर उकडलेल्या केळ्यांच्या मटोक्याचं शिगोशीग ताट. माती ती माती, पोटात जाऊन ठाण मांडून बसली. पोट आणखी तट्ट फुगलं. आत्या लांबून बघायची आणि कपाळावर हात मारून घ्यायची. दिसामासानं वाढतंय की हो पोट!

क्वांजुला तोंडावर आली आणि एका सकाळी नाबोसा कळ येऊन दुमडली. आत्यानं तिला भाड्याच्या मोटरसायकलवर बसवलं आणि दवाखान्यात नेलं.

"नर्सबाई, काय ते मलाच सांगा," आत्या काकुळतीला आली. "बाळ सुखरूप आहे ना?"

"कुठलं बाळ?" नर्सबाई म्हणाली.

"कुठलं बाळ?" नाबोसा किंचाळली. कळ विसरून ताडकन उठून बसली. "आत्या! तू मला काय समजलीस?"

तपासणी झाली. बाळबीळ काही नव्हतं. नर्सबाईनं पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "परसाकडे कधी गेली होतीस?"

नाबोसानं भिंतीकडे तोंड केलं. "आधी आत्याला बाहेर पाठवा."

"मला? अगं, रात्रीच्या सगळ्या गोष्टी तुला मी शिकवल्या!"

"त्या वेगळ्या. ह्याची लाज वाटते."

शेवटी पोर रडत रडत बोलली. मोबाइलवरून पैसे पाठवायची तिची टपरी बाजाराच्या नाक्यावर. बाजारातल्या संडासाच्या दाराला कडी नाही. एका हातानं दार धरायचं, दुसऱ्या हातानं झगा, आणि बाहेर ओळखीची गिऱ्हाइकं उभी. म्हणून ती पाणीच पीत नव्हती. दुपारी कोरडी चपाती खायची. लागली तरी दाबून ठेवायची. हल्ली तर लागतच नव्हती.

"पोट हाक मारतं, तू ओ देत नाहीस. मग तेही हाक मारायचं सोडतं," नर्सबाई म्हणाली. "मळ आत सुकतो, वारा कोंडतो, पोट फुगतं. तुझ्यासारख्या कितीतरी मुली येतात इथे, आणि सगळ्या अशाच भिंतीकडे बघतात. पाणी पी. घेवडा खा, पालेभाजी खा, पपई खा. चालत जा. सकाळी खाल्ल्यावर शांतपणे बसायचं, आणि लागली की दाबायची नाही. हे औषध देते. रक्त पडलं, उलट्या झाल्या किंवा वजन उतरलं तर मात्र लगेच ये. आणखी काही खातेस?"

"आत्या देते ती कांडी."

नर्सबाईनं आत्याकडे असं बघितलं की आत्याचा जीव चिमणीएवढा झाला. "माती? आधीच तुंबलेल्या पोरीला माती?"

परतताना घराजवळ आल्यावर आत्या म्हणाली, "जगाला शिकवत सुटले आणि तुला एवढं साधं विचारलं नाही गं. चुकलं माझं." दुसऱ्या दिवसापासून सकाळी टपरीवर आत्या बसायला लागली आणि नाबोसा आत्याच्या घरच्या संडासात.

क्वांजुलाचा दिवस उजाडला. पट्टा कसाबसा बसला. मांडव भरला, दोन्हीकडचे बोलके गडी माइकवर एकमेकांची खेचू लागले, नाबोसा पाहुण्यांपुढे गुडघे टेकून बसली. आणि नेमकी तेव्हाच पोटानं हाक मारली. पोर पोट धरून उठली आणि केळीच्या बागेमागे पळाली.

मग नवऱ्याकडच्या बायका कुजबुजल्या. "उलटी! शिंपीण म्हणत होती ते खरं!" किबिरिगेची मान खाली गेली. त्याच्या आईनं, फेडरेसीबाईनं, पुढे केलेली भेटीची टोपली मांडीवर परत ओढून घेतली.

आत्या उठली. माइक हिसकावून घेतला.

"विहीणबाई, टोपली ठेवा खाली! माझी भाची संडासला गेलीय. होय, संडासला! पोट फुगलं होतं ते कोंडल्यानं. बाजारातल्या दाराला कडी नाही, म्हणून ही पोर लाजेनं सुकत होती, आणि मी म्हातारी तिला पोटुशी समजून माती पाजत होते. खोट माझ्या अकलेत आहे, मुलीत नाही. मला भेटीत तुमची गोमेसी नको, साखर नको. माझी एकच अट. तुमच्या घरी तिला कधी दाबून ठेवायला लागता कामा नये!"

कोणी हसेना. करवल्यांनी तर माना खाली घातल्या होत्या, कारण त्यांतल्या निम्म्या आज सकाळपासून पाणी प्यायल्या नव्हत्या. फेडरेसीबाईनं टोपली उचलून आत्याच्या पायाशी ठेवली.

"आमच्याही दाराला कडी नाही, विहीणबाई," ती हळूच म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून नाही. मी कधी बोललेच नाही. उद्याच बसवून घेते."

"आतून हं," आत्या म्हणाली.

"आतून," फेडरेसीबाई म्हणाली आणि तिनं डोळे पुसले.