वाऱ्याकडे तोंड

त्याचं नाव मी विचारलंच नाही. आखातात, अल रय्यानच्या पलीकडे एका शेतावर पंप दुरुस्त करायला गेलो, तिथं हा सांगलीकडचा ट्रॅक्टरवाला भेटला. त्यानं दोनदा पेरलेलं लसूणघासाचं बी कबुतरांनी टिपून नेलं होतं. आता तिसऱ्यांदाही गेलं तर गावी पाठवीन, असं अरबी मालकानं बजावलेलं.

ताकाच्या रिकाम्या बाटल्या राखाडी रंगवून त्यानं खोटी कबुतरं केली होती. त्यांना भुलून खरी खाली उतरली की मालक बंदूक चालवणार. माझा पंप झाला होता, म्हणून मीही दहा-बारा बाटल्या काड्यांवर रोवल्या. चांगल्या सरळ रांगेत!

"सायेब, शाळंची प्रार्थना हाय व्हय ही?" तो कमरेवर हात ठेवून म्हणाला. "आन् वाऱ्याला पाठ करून कबुतर बसत न्हाई. पिसं इस्कटत्यात त्याची."

ओल्या बोटानं वारा जोखत त्यानं एकूण एक बाटली उपटली आणि वाऱ्याकडे तोंड करून विखरून लावली. एक झावळीच्या लवचिक हिरावर बसवली, ती डुलायला लागली.

मालक बंदूक घेऊन आला, तसे आम्ही तिघं खजुरांआड दडलो. थवा आला, वळला आणि सरळ बाटल्यांत उतरला. मालकानं धडाधड बार काढले.

"खलास! पाच!" ओरडत मालक धावला.

चार कबुतरं होती. पाचवी, भोक पडलेली, ताकाची बाटली. मालक स्वतःच पोट धरून हसला.

दोन महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा शेत हिरवंगार होतं. तीच बाटली ट्रॅक्टरच्या बॉनेटवर बांधून, मान ताठ करून, तो घास कापत होता.