खाट उतरेल एवढा जिना

भंडारा जिल्ह्यात कोणी घराखाली तळघर बांधू नये, असा काही कायदा नाही. तो असता, तर आज मी माझ्याच घरात कांद्यांच्या शेजारी झोपत नसतो.

मी घरांचे नकाशे काढतो. कारध्याला माझं घर आणि पूल ओलांडला की भंडाऱ्यात माझं टेबल. लोक येतात, हॉल, किचन, दोन बेडरूम आणि ईशान्येला देवघर मागतात, मी काढून देतो. एवढी वर्षं तेच. त्यामुळे एखादी तरी गोष्ट आपल्या मनानं, आपल्या हौसेनं बांधावी ही खाज जुनी होती. (बायकोच्या मते ती घामोळ्यांची होती.)

निमित्त जावईबापूंनी दिलं. आमची पल्लवी पुण्याला दिली आहे. एका दिवाळीला जावयांनी वाईनच्या दोन बाटल्या आणल्या आणि म्हणाले, "बाबा, ठेवाल तेवढी चांगली होते." मी ठेवल्या. एक फ्रिजमध्ये भाजीखाली आणि एक सज्ज्यावर, पितळी भांड्यांमागे. उन्हाळ्यात वरचा स्लॅब तापला आणि भर दुपारी सज्ज्यावरच्या बाटलीचं बूच फटाक्यासारखं उडालं. पांढऱ्या भिंतीवर लाल ओघळ आले. शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, आधी वाटलं वर मांजरीनं कोणाचा तरी जीव घेतला.

"ठेवाची वस्तू होती तं ठेवाले जागा नोको का?" भिंत पुसत ती म्हणाली. तिच्या डोळ्यासमोर कपाट होतं. माझ्या डोळ्यासमोर तळघर आलं.

पावसाळाभर मी कागदावर होतो आणि हिवाळ्यात जमिनीत. आमचं घर टेकाडावर आहे, पाणी खोल आहे, तेव्हा तो धोका नव्हता. कडुनिंबाच्या सावलीतली उत्तरेची बाजू निवडली. गार हवा आत यायला जमिनीलगत एक पाइप, गरम हवा बाहेर जायला छताजवळ दुसरा. भिंती विटांच्या, वरून चुना. तळाला नदीची रेती, ती ओली करायची म्हणजे गारवा टिकतो. सागाच्या फळ्यांवर बरण्या, कोपऱ्यात आंब्यांच्या अढीसाठी भाताचं तणस, आणि फ्रिजमधल्या बाटलीसाठी एक तिरपा कप्पा. जिना मात्र मुद्दाम अरुंद ठेवला, डोक्यावर डबा घेतलेला एक माणूस उतरेल एवढा. जिना रुंद केला तर गरम हवा आत शिरते, हे मी सगळ्यांना समजावून सांगत होतो. कोणी विचारत नव्हतं.

शेजारचे देवाजीभाऊ रोज कुंपणापाशी उभे राहून खड्डा बघायचे. एक दिवस हळू आवाजात म्हणाले, "नकाशेवाले, खरं सांगा. मोहाची भट्टी टाकून राहिले ना?"

"अजी, लोणचं ठेवाचं आहे."

"हो हो," ते डोळा मारून म्हणाले, "आमीही लोणचंच सांगतो लोकायले."

तळघर तयार झालं आणि त्याच सुमारास पल्लवीची गोड बातमी आली. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. शोभानं तर लेकीच्या लग्नाच्या दिवसापासून त्याची वाट पाहिली होती. पण दिवस भरायचे जूनमध्ये, म्हणजे यायचं मे महिन्यात. पुण्याहून आमच्या विहीणबाई, सुलभाताई, फोनवर म्हणाल्या, "तुमच्याकडे मे महिन्यात माणसं जगतात तरी कशी? मी स्वतः सुनेबरोबर येते. दोन दिवस राहून बघते. जमण्यासारखं नसेल तर तिला परत घेऊन जाईन."

शोभा त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं डिंकाचे लाडू वळायला घेतले, खारकेची पूड केली, लाखोळीची डाळ भरडली, आणि माझ्या तळघरातली प्रत्येक फळी भरून टाकली. "पोरगी परत गेली ना," ती मला म्हणाली, "तं तुमालेच या तळघरात ठेवतो आणि वरून झाकण लावतो." ती थट्टा करत नव्हती.

त्या दोघी आल्या आणि घरात पाऊल ठेवताच लाईट गेली. कूलर थांबला. विहीणबाईंनी पदरानं वारा घेतला, पाण्याचे दोन तांबे संपवले आणि म्हणाल्या, "व्याही, उद्याच्या गाडीचं बघा. मी पल्लवीला इथे ठेवायची नाही." शोभा भिंतीला टेकून उभी होती, तिचा चेहरा मला बघवला नाही. पल्लवी म्हणाली, "आई, दोन दिवस तरी बघा ना," पण सासूपुढे पोरगी बोलून बोलून किती बोलणार?

घाबरलेला माणूस आपल्या धंद्यातलंच काहीतरी बोलतो. मी म्हटलं, "ताई, गाडीचं बघतोच. तोवर आमचं तळघर तरी बघून घ्या."

त्या उतरल्या. शेवटच्या पायरीवर थांबल्या. मग खाली बसल्या. मग भिंतीला पाठ लावली. मी हवेचे पाइप समजावत होतो, तेवढ्यात त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "व्याही, एक सतरंजी मिळेल?"

सतरंजीमागून उशी उतरली, उशीमागून पंखा. गाडीचं नाव निघेना म्हणून आम्ही खूश होतो. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, खाली झोपून गुडघे धरतात, खाट हवी. खाट माझ्या शास्त्रोक्त जिन्यात अडकली. ना वर, ना खाली! देवाजीभाऊंना बोलावलं, खाट सुटी केली, एकेक भाग खाली नेला आणि तिथे पुन्हा ठोकली. खाटेला जागा हवी म्हणून दोन फळ्या निघाल्या. रेतीत विंचू असतील म्हणून रेती निघाली. डास येतात म्हणून खालचा पाइप चिंध्यांनी बंद झाला. मला विचारलं सगळं, नाही असं नाही. "काढू ना व्याही?" असं विहीणबाईंनी विचारल्यावर मुलीचा बाप काय म्हणणार?

बरण्या वर आल्या. त्या माझ्या खोलीत ठेवल्या. कांदे पलंगाखाली आले, मग पलंगावर आले. तिरप्या कप्प्यात विहीणबाईंनी चष्मा आणि तेलाची बाटली ठेवली आणि तिथली वाईन माझ्या उशाशी आली.

खाली मात्र गल्ली जमू लागली. दुपार झाली की आजूबाजूच्या बायका सुपात तांदूळ घेऊन निवडायला यायच्या. "ईनबाई, येऊ का वो?" "या या, जागा आहे." (ती जागा माझ्या आंब्यांची होती.) अढीतले आंबे पिकतील तसे तिथल्या तिथे संपत होते. लाडवांचा डबा फळीवर होता आणि विहीणबाई त्याची "नुसती चव" बघत होत्या. जमलेल्या बायकांनाही चव बघायला देत होत्या. दोन दिवसांचा आठवडा झाला, आठवड्याचे आठवडे झाले, आणि पल्लवी इथे राहणार की जाणार याबद्दल विहीणबाई चकार शब्द काढत नव्हत्या. शोभानं एकदा विषय काढला, तर म्हणाल्या, "बघू. अजून माझं ठरत नाही." शोभा रोज त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि रोज एक भाजी जास्त करत होती.

मग एका दुपारी मी पलंगावर, कांद्यांना जरा सरकवून, आडवा झालो होतो. लाईट गेलेली. उशाशी फाटदिशी आवाज झाला आणि माझा शर्ट छातीवर लालभडक झाला. शोभा धावत आली. मी मेलो नाही हे बघून तिला जे रडू फुटलं, त्याचा अर्थ मी अजून स्वतःच्या बाजूनंच लावतो.

"या बाटलीसाठी खड्डा खणला तुमी," ती म्हणाली, "आणि बाटली वरच फुटली. बाळंतिणीचे लाडू सरले. पोरगी नवव्या महिन्यात वर घामेजून राहिली, तिले तुमचा जिना उतरता येत नाही. आणि ईनबाई काही सांगून नाही राहिल्या. जा तुमी, विचारा त्यायले. आजच्या आज. हो की नाही."

मी तसाच, लाल शर्टावर, खाली उतरलो. बायका नुकत्याच गेल्या होत्या. विहीणबाई खाटेवर बसून आंबा चोखत होत्या. मला बघून दचकल्या, मग वासावरून वाईन ओळखली. मी वाक्य पाठ करून आलो होतो. ते अर्धं म्हटलं तोच त्यांनी आंबा खाली ठेवला आणि मान खाली घातली.

"व्याही, मी मुलाला पहिल्याच दिवशी फोन केला होता," त्या म्हणाल्या. "बाळंतपण इथेच होईल, म्हणून सांगून टाकलं. शोभाताईंनी डाळीपासून डिंकापर्यंत सगळं करून ठेवलेलं मी इथे फळीवर पाहिलं होतं. आणखी काय बघायचं होतं?"

"मग आम्हाला का नाही सांगितलं, ताई?"

"सांगितलं असतं तर माझं काम संपलं असतं. दोन दिवसांसाठी आले होते ना मी. परत जावं लागलं असतं." त्यांनी पदराला हात पुसले. "तिकडे चौथ्या मजल्यावर सकाळी दोघं कामाला जातात. मग संध्याकाळपर्यंत दार बंद. इथे आल्यापासून मी एकदाही एकटी जेवले नाही हो."

मी पायरीवर बसलो. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. मी लोकांच्या घरात वृद्धांची खोली काढतो तेव्हा खिडकी कुठे, संडास किती जवळ, एवढंच बघतो. दुपारी तिथे कोण येऊन बसेल, हे मी कधी काढलं नव्हतं. इथेही काढलं नव्हतंच. खाटेसकट माणूस येऊन बसलं होतं.

वर येऊन शोभाला सांगितलं. तिनं डिंकाचा पुडा काढला, कढई काढली आणि जिन्यातून खाली ओरडली, "ईनबाई, वर या बरं. लाडू सरवले तुमी, आता वळाले बसा." विहीणबाई वर आल्या. चुलीपाशी घाम गाळत बसल्या आणि लाडू वळून झाल्यावर चव न बघता डबा बंद केला. तो डबा शोभानं माझ्या खोलीत ठेवला आणि किल्ली स्वतःकडे.

नात झाली. बारसं झालं. पल्लवी बाळाला घेऊन गेली, विहीणबाईही गेल्या. जाताना स्टेशनवर त्या आणि शोभा दोघी रडल्या. मला वाटलं, चला, आता तळघर माझं. फळ्या पुन्हा लावायला उतरलो तर खाट हलेना. पावसाळी दमटपणानं लाकूड फुगलं होतं, सांधे सुटायला तयार नव्हते, आणि अख्खी खाट जिन्यातून निघणं शक्य नव्हतं. तेवढ्यात फोन आला.

"व्याही, माझी खाट आहे ना जागेवर?"

"आहे, ताई."

"राहू द्या. उन्हाळ्यात येते."

तेव्हा लोणची, डाळ आणि कांदे अजून माझ्या खोलीत आहेत. तळघर मात्र मला धंद्याला उपयोगी पडलं. परवा एक गृहस्थ साठवणीच्या तळघराचा नकाशा काढून मागायला आले. मी माती विचारली नाही, पाणी विचारलं नाही, बाटल्या किती हेही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मुलगी दिली आहे की द्यायची आहे?" आणि जिना खाट उतरेल एवढा रुंद काढून दिला.