कागद धरणारी धवलारीण

लिहिताना इतका आवाज करणारं माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात दुसरं नसेल, असं मी आमच्या घरमालकीण आजींबद्दल छातीठोक सांगते. लोक गुपचूप लिहितात. कोणी बघेल म्हणून वर हात धरून लिहितात. आमच्या आजी ओट्यावर मांडी घालून बसतात, काळं जाड स्केचपेन मुठीत धरतात, प्रत्येक शब्द आधी मोठ्यानं उच्चारतात, त्याला दोनदा हाक मारतात आणि मगच तो कागदावर उतरवतात. त्यामुळं मानपाड्याच्या आमच्या चाळीत त्यांचं लिहिलेलं वाचायची गरज कुणालाच पडत नाही. सुनेबद्दल लिहीत असल्या तर सून स्वयंपाकघरातून उत्तर देते. "मी तसं नव्हतं बोलले, आई. मी बोलले की आमटी राहू द्या," असं तिनं आतून सांगितलं, की आजी पेन हवेत धरून विचारतात, "लिवनारी कोन? मी का तू?" आणि आमटीचं प्रकरण आपल्याला हवं तसंच पुढं नेतात.

या आवाजाशी माझी ओळख झाली ती पहिल्याच दिवशी. मी लातूरकडची. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि मिस्टरांना इथल्या कारखान्यात काम लागलं तसं आम्ही आजींच्या खोलीत राहायला आलो. मला मुळातच प्रत्येक गोष्टीची धास्ती. गॅस बंद केला का, कडी लावली का, बोलताना शब्द चुकला का. भांडी लावत होते तर बाहेरून खणखणीत आवाज आला, "नवीन भाडेकरीन आयली. बारीक हाय. घाबरट दिसते." माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. बाहेर येऊन मी हात जोडले आणि विचारलं, आजी, माझं काही चुकलं का. त्यांनी मान वर न करता आणखी एक ओळ उच्चारली, "आवाजाला बाहेर येते, म्हंजे कान चांगले हायत," आणि ती लिहून काढली. हे त्यांचं रोजचंच लिहिणं आहे, असं मला शेजारणीनं नंतर सांगितलं. तोवर मी सामान परत बांधायचं की काय या विचारात होते.

लिहायला त्यांनी सुरुवात केली ती सत्तरी ओलांडल्यावर. लहानपणी शाळा दुसरीपर्यंत, मग वडिलांच्या मिठागरावर, मग सासरच्या भातशेतीत. आता त्या शेतात इमारती उभ्या आहेत, मुलाच्या गळ्यात साखळी आहे आणि दारात मोठी गाडी आहे, पण अक्षरांशी आजींचा संबंध साठेक वर्षं सुटलेलाच होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दवाखान्यातून घरी येताना रिक्षातून त्यांना दुकानांच्या पाट्या दिसायला लागल्या. त्यांनी प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचली. रिक्षावाल्याला वाटलं, म्हातारी पत्ता शोधते आहे, म्हणून तो दर पाटीला थांबला. घरी पोचायला दुपार झाली, आणि उतरता उतरता आजी म्हणाल्या की एवढं सगळं कुणी तरी लिहिलंच ना, मग मला काय झालं. दुसर्‍या दिवसापासून लिहिणं सुरू. कागद म्हणून लग्नपत्रिका. आगरी घरांत पत्रिकांचा तोटा नसतो, आणि त्यांची आतली कोरी बाजू जाड आणि गुळगुळीत असते. एकदा मुलगा हॉलचा पत्ता बघायला पत्रिका मागत राहिला आणि आजींनी ती दिली नाही, कारण कोर्‍या बाजूवर त्यांची कोंबडी अंड्यावर बसली होती आणि ते प्रकरण अर्धवट होतं. टिंब द्यायची त्यांची रीतही वेगळी. वाक्य संपलं म्हणून टिंब नाही, कुकरची शिट्टी झाली आणि उठावं लागलं तर टिंब.

एक मात्र सांगायला हवं. गावकीत आजींचं नाव होतं ते लिहिण्यासाठी नाही, गाण्यासाठी. त्या धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं आणि ते म्हणणार्‍या बाईला भटजीइतका मान असतो. सगळं तोंडपाठ, आजीकडून नातीकडे आलेलं. ही गाणी लिहून घ्यायला ठाण्याहून एक शिकलेले गृहस्थ आले होते. आजींनी त्यांना चहा दिला, मोबाईल चालू करायला सांगितला आणि कोंबडीची हकिगत सबंध वाचून दाखवली. त्यांनी दोनदा आठवण केली, आजी, गाणी. आजी म्हणाल्या, "गानी माज्या आजीची हायत. माज्या तोंडात ठेवलेली. मंडपात ये नि ऐक. हे मातर माजं हाय." गृहस्थ कोंबडी घेऊन ठाण्याला परत गेले.

मलाही त्यांनीच लिहायला बसवलं. किती शिकलीस म्हणून विचारलं. मी खाली बघून सातवी म्हणाले. त्या म्हणाल्या, म्हणजे माझ्यापेक्षा पाच यत्ता मोठी, तरी बोटं आखडून बसतेस. मी पोळी-भाजी केंद्रात काम करते, सकाळपासून लाटणं हातात. त्या म्हणाल्या, त्याचंच लिही. मी चार ओळी लिहिल्या आणि त्या पोळ्यांच्या नव्हत्या, आईच्या होत्या. भाकरी थापताना ती कशी मधेच थांबून दाराकडं बघायची त्याच्या. लिहून झालं तेव्हा गाव जरासं जवळ आल्यासारखं वाटलं. बस आली नाही, फोन लागला नाही, तरी जवळ. असा आनंद असतो हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगायच्या आत मी बाहेर पडले होते. आजींचे उपकार मोजायचे तर मी इथून धरते.

मग त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. मुलगी कळव्याला दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, स्कूटी चालवते, सासर टिटवाळ्याचं. आजींनी तिच्यासाठी काहीतरी लिहायला घेतलं, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात. चाळ घाबरली. सुनेनं मला विचारलं, तब्येत बरी आहे ना त्यांची. पाच-सहा पत्रिका भरल्यावर आजींनी घरात जाहीर केलं की हळदीच्या मंडपात जुनी गाणी झाली की मी हे वाचणार.

मुलगा, जो एरवी बिल्डरांशी टेबलावर हात आपटून बोलतो, तो आईपुढं जमिनीवर येऊन बसला. "आये, तू कागद धरलास का लोकं काय बोलतील, ठावं हाय ना? म्हातारी इसरली. पुढच्या लग्नाला कोन बोलवंल तुला?"

यात खोटं काही नव्हतं. धवलारणीच्या हातात कागद दिसला की तिचं संपलं, असंच धरतात. आजींनी बराच वेळ पायाचा अंगठा चोळला. मग म्हणाल्या, "नाय बोलवनार. मना समजतं."

मला राहवलं नाही. दुपारी मी म्हटलं, आजी, तुम्हाला शेकडो ओळी पाठ आहेत, या पाच-सहा पत्रिका पाठ करून टाका, कागद कशाला. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी सातवीतून पुन्हा दुसरीत गेले. "पाठ म्हनला का लोकं समजतील, जुनंच हाय. आजीचं हाय. कागद बगून वाचलं तरच कलंल का हे मी लिवलं."

हळदीला आधी त्यांनी जुनी गाणी म्हटली. एकही ओळ अडली नाही, एकही खाली पडली नाही. उलट दोन कडवी जास्तच म्हटली असावीत. मग चष्मा लावला आणि पदराखालून पत्रिका काढल्या. मंडपात कुजबूज उठली. त्यांची नणंद, वयानं त्यांच्याएवढीच, शेजारणीला सांगते असं दाखवत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "कागूद धरला. झाला आता." मी खांबाला धरून उभी होते. आजींनी ऐकलं. चष्मा नीट केला आणि वाचायला लागल्या.

त्यात जुन्या गाण्यांतली सीता नव्हती, राम नव्हता. त्यात होतं की माझ्या नातीला स्वतःची वेणी सरळ घालता येत नाही. ती लोकांना सुई टोचते आणि म्हणते, दुखणार नाही, आणि मला टोचली तेव्हा दुखलं. आता हाताला हळद लागली आहे. सोमवारी या हातानं कुणाचं रक्त काढेल तर तो विचारेल, बाई, हात पिवळे कसे. लोक हसले. नातही हसली. मग आजींनी शेवटची ओळ वाचली, "टिटवाला लांब नाय. पन पोर उंबर्‍यातून उतरली का तितंच लांब व्हते." नात रडायला लागली, सून आत निघून गेली, आणि मुलगा उगाचच डेकोरेशनवाल्यावर खेकसला. आजींनी पत्रिकांची घडी घातली. त्यांच्या तोंडावर जे होतं ते गाणी म्हणून झाल्यावर मी कधी पाहिलं नव्हतं.

बोलावणी थांबली. कुणी भांडलं नाही, कुणी टोचून बोललं नाही. आजींना आता त्रास नको, असं म्हणत लोक नवीन धवलारणीकडे गेले. पत्रिका येतात, खुर्ची मिळते, पहिल्या पंगतीत बसवतात. मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का. त्या म्हणाल्या, वाटतं की. आणि लगेच, "पन गाताना मी माजी आजी असायची. त्या दिशी मीच व्हते."

गेल्या आठवड्यात गल्लीतल्याच एका हळदीला मला सोबत घेऊन गेल्या. नवीन धवलारीण तिशीची, आवाज गोड, पण वय कच्चं. हळद लावायच्या गाण्यात मधेच तिची ओळ हरवली. तिनं एक श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आजी माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला, खोकल्यासारखं केलं आणि पदरातूनच ती ओळ अगदी बारीक आवाजात सोडली. पोरीनं ती उचलली आणि पुढं निघाली. कुणाला कळलं नाही. मला कळलं, कारण माझा हात त्यांच्या हातात होता आणि सबंध गाणं संपेपर्यंत त्या तो ताल धरल्यासारखा दाबत राहिल्या.

घरी येऊन त्या ओट्यावर बसल्या. मी आतून पत्रिका आणि पेन आणून पुढ्यात ठेवलं, म्हटलं, आज लिहायला बरंच असेल. त्यांनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं, परत लावलं आणि माझ्याकडं सरकवलं.

"आज तू लिव," त्या म्हणाल्या. "मी बसते इतंच."

मी लिहायला लागले. त्या भिंतीला टेकून समोरच्या इमारतीकडं बघत राहिल्या, जिथं पूर्वी त्यांचं शेत होतं, आणि बर्‍याच वेळानं म्हणाल्या, जरा मोठ्यानं लिही, ऐकू येत नाही.