फेकन गवळ्याच्या हाती कावड

सुलतानगंजहून गंगेचं पाणी घेऊन देवघर गावच्या शिवमंदिराकडे निघालेले कावडवाले फेकन यादवाच्या टपरीवर चहा पीत, कावडी समोरच्या आडव्या बांबूला टांगत, पण फेकनच्या हाती कावड म्हणून देत नसत. याला कारण खुद्द फेकन. चहा उकळेपर्यंत तो प्रत्येकाला कथा ऐकवी. रावण शिवलिंग घेऊन लंकेला चालला होता, वाटेत त्याला लघवीची घाई झाली, त्यानं लिंग एका गवळ्याच्या हाती दिलं. गवळ्यानं कंटाळून ते खाली ठेवलं आणि शिवबाबा देवघरलाच बसले ते बसले. "तो गवळी आमच्यातलाच," असंही तो मिशीवर हात फिरवून सांगे.

आता अशा घराण्याच्या हाती कावड कोण देणार? जमिनीला टेकली की पाणी बाटलं, पुन्हा गंगा गाठा. लोक हसत, फेकनही हसे. पण एकदा तरी कुणी आपल्यावर भरवसा टाकावा, असं त्याला मनातून फार वाटे.

त्या श्रावणात वादळानं टपरीसमोरचा बांबू मोडून पाडला आणि नेमक्या तेव्हाच भागलपूरच्या तारिणीदेवी खांद्यावर कावड आणि एका हातानं पोट धरून आल्या. आसपास दुसरं कुणी नव्हतं. त्या वाटेवर सगळेच एकमेकांना 'बम' म्हणत, तसं त्यांनी विचारलं,

"आंघोळ झालीय का रे बम?"

"पहाटेच, माताबम."

"खाली ठेवलीस तर बघ," म्हणत त्यांनी कावड त्याच्या खांद्यावर दिली आणि झाडीकडे धूम ठोकली. परत कावडीला हात लावायचा तर आंघोळ करूनच, म्हणजे वेळ लागणार हे आलंच.

एवढ्यात फेकनची म्हैस दावं तोडून शेजारच्या रामबरनच्या भातात शिरली. रामबरन बांधावरून ओरडू लागला. फेकन कावडीसकट चिखलात उतरला. काठी घ्यायला हात मोकळा नाही आणि खांद्यावर गंगा असताना शिवी देता येत नाही. तो नुसता कावडवाल्यांसारखं "बोल बम, बोल बम" म्हणत मागे फिरत राहिला. म्हशीला धन्याच्या तोंडून इतकी सभ्य भाषा ओळखीची नव्हती. ती निवांत चरली.

तारिणीदेवी ओल्या केसांनी येऊन पाहतात तर त्यांची कावड म्हशीमागे चाललेली. त्यांनी ती घेतली, दोन्ही कलश निरखले. थेंब सांडला नव्हता.

"रावणाला तू भेटायला हवा होतास," त्या म्हणाल्या. "बाबा आज लंकेत असते."

फेकन आधी फुलला, मग त्याच्या ध्यानात आलं, बाबा लंकेत असते तर टपरीवर चहा प्यायला कोण आलं असतं? रामबरनला भाताची भरपाई म्हणून महिनाभर दूध कबूल केलं, तेव्हा कुठे त्याला कथेतल्या गवळ्याची खरी अडचण सुचली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या कथेतला गवळी कंटाळेनासा झाला. त्याची म्हैस सुटली होती.