पाल्याचा घागरा

शाळेतल्या बाईंनी आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "छे, हे आदिवासींसारखं दिसत नाही."

माझी आई पावरा. सातपुड्यातल्या पाड्यावर जन्मलेली, आयुष्यभर आदिवासी. त्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. तालुक्याच्या मैदानावर 'आपला भारत' हा देखावा होणार होता आणि त्यातले आदिवासी आमच्या आश्रमशाळेने पुरवायचे होते. पोरगी नाचणार म्हणून आई डोंगर उतरून आली होती. अंगावर होळीला घालतात ते कपडे. हातातल्या फडक्यात माझ्यासाठी तसाच लहान पोशाख आणि तिच्या गळ्यात होती तशीच चांदी.

बाईंनी फडकं उघडलंसुद्धा नाही. त्यांच्याकडे पोशाख तयार होता. सुतळीत ओवलेली पळसाची पानं, कोंबडीची पिसं, वाटीत कोळशाची पूड. भिंतीवर 'भारताचे लोक' असा तक्ता होता. त्यातल्या आदिवासीने पाला नेसला होता. परीक्षेत त्या चित्राखाली मी 'आदिवासी' असं लिहायचे आणि पूर्ण गुण मिळवायचे. आमच्या पाड्यावर पाला फक्त शेळ्यांना लागतो, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

मी रडायला लागले. स्वयंपाकीण मावशी म्हणाली, "रडू नको पोरी, दोन मिन्टनी गोट शे." दोन मिनिटांची तर गोष्ट.

आईला मराठी थोडंच कळायचं. मग तिने फडक्याची गाठ आवळली आणि आमच्या बोलीत म्हणाली, "सरकारचा सण आहे. सरकार सांगेल तसं करू."

आणि माझ्या अंगाला पाला तिनेच बांधला. कोळसाही तिनेच लावला. डोळ्यात जाऊ नये म्हणून बोटाने, हळूहळू. जन्मदात्या आईने मला आदिवासी केलं. बाईंच्या मापाची.

देखाव्यात मधोमध उंच खुर्चीवर भारतमाता बसली होती. कापसाच्या जिनिंगवाल्याची गोरी मुलगी. फेटेवाले पंजाबी, नऊवारीतल्या मुली, सैनिक. सगळे आपापल्या जागी ताठ उभे. आम्ही मात्र वाकून, भाले नाचवत, "हुर्र हुर्र" करत आलो. तसंच शिकवलं होतं. माइकवरून आवाज आला, "आणि हे आपले जंगलातले बांधव!" मैदान हसलं. कुणी शिट्टी मारली. मी गर्दीत आई शोधली. ती हसत नव्हती. तिने लुगड्याचा पदर ओढून गळ्यातली चांदी झाकून घेतली होती.

त्यानंतर ती शाळेत कधी आली नाही. बाजारालाही साधं पातळ नेसून जायला लागली. मला वाटायचं, बरंच झालं. कित्येक वर्षं मी समजत होते की आम्हीच चुकीचे आदिवासी आहोत. मी रोज प्रतिज्ञा म्हणायचे, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. आई वारली, तोवर हे तिच्याशी कधी बोलले नाही.

आज मी धुळ्यात सीताफळं, चारोळी, डिंक यांचा व्यापार करते. हे दुकान मी भांडून उभं केलं आहे. भाव पाडायला आलेला माणूस माझ्या ओट्यावरून घाम पुसत उतरतो. तोंडाने फटकळ आहे, लोक बोलतात, बोलू दे.

परवा मुलीच्या शाळेतून बोलावणं आलं. मुख्याध्यापकांनी चहा मागवला.

"ताई, राष्ट्रीय एकात्मतेचा देखावा आहे. तुमच्या मुलीला आदिवासी गटात घेतोय. अस्सल वाटेल! पाला, पिसं, सगळं आमच्याकडे आहे."

मी विचारलं, "भारतमाता कोण?"

"ती ठरलीय."

"मग सौदा करू. माझी पोरगी भारतमाता. जी ठरलीय, तिला पाला बांधा."

ते मोठ्याने हसले. "ताई, तुम्हीपण ना! कसं दिसेल ते?"

"कसं दिसेल, सर?"

हसू थांबलं. त्यांनी पेन उचललं, ठेवलं. "तसं नाही हो. लोकांना ओळखू आलं पाहिजे."

तिथे मला माझी आई दिसली. तिला कुणी ओळखलंच नव्हतं. खरी आदिवासी समोर उभी होती, तरी माझी खोटी आदिवासी करून घेतली, आणि मग ती अख्ख्या मैदानाने हसून ओळखली. देश असाच शिकवला आम्हाला. त्यात आमची जागा आहे, पण तोंड आमचं चालत नाही.

मी म्हटलं, "माझी मुलगी पाला नेसणार नाही. तिचे स्वतःचे कपडे घालून नाचेल. चालेल?"

"बसवलेला कार्यक्रम आहे, ताई. आता बदल नको."

"मग नाचणार नाही." चहा तसाच ठेवून मी उठले.

घरी मुलगी रडली. "सगळ्याजणी स्टेजवर असतील. मी एकटी खाली. तुझ्यामुळे." दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. समजावण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तिच्या वयात मला नाचायला मिळालं होतं.

माझ्या मुलीच्या जागी ते दुसरी पोर आणतील. एखाद्या पाड्यावरची, जिची आई काही बोलणार नाही. म्हणून झेंडावंदनाच्या त्या कार्यक्रमाला मी जाणार आहे. झेंड्याला सलाम करायचा माझा हक्क कुणाच्या बापाचा नाही. पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि एकाही पोरीच्या कमरेला पाला दिसला, तर स्टेजवर चढून माझ्या हाताने सोडणार आहे. राष्ट्रगीत चालू असेल तर संपेपर्यंत थांबेन. तेवढंच थांबेन.