रुंद पायांचे स्केट्स

माझे पाय लांबीला कमी आणि चवड्याला रुंद आहेत. घरात सगळ्यांचेच तसे. आमचं गाव रावेरच्या अलीकडे, केळीच्या बागांमध्ये. लहानपणी मी शाळा सोडली तर कुठेच चप्पल घालत नसे, आणि आईच्या मते त्यामुळेच पाय असे पसरले. खरंखोटं माहीत नाही, कारण जळगावात जन्मलेल्या आणि बूट-मोज्यांत वाढलेल्या माझ्या मावसबहिणीचेही पाय असेच आहेत. चपलेत, सँडलमध्ये अशा पायांमुळे कधी काही अडलं नाही. अडलं ते स्केट्समध्ये.

आठवीत मला शिकायला जळगावला मावशीकडे ठेवलं. शाळेमागे सिमेंटचं एक बास्केटबॉल कोर्ट होतं. तिथे संध्याकाळी एक सर मुलामुलींना चाकांवरची हॉकी शिकवायचे. एका रांगेत चार चाकं लावलेले उंच बूट, हातात लांब काठी आणि चेंडूच्या जागी एक टणक चपटी चकती. हा खेळ मुळात बर्फावरचा, पण बर्फ आम्ही कुणीच पाहिलेला नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. मी पहिल्या दिवशी मैत्रिणीची वाट पाहत कठड्यावर बसले होते. दुसऱ्या दिवशी माझ्या पायात स्केट्स होते.

स्केट्स सरांकडचे. जुने, एका पोत्यात भरून ठेवलेले. त्यातून ज्याला जे लागतील ते. माझा चवडा मावेल असा बूट घेतला की तो लांबीला मोठा व्हायचा, आणि लांबीला नीट असलेल्या बुटात पाय जायचाच नाही. म्हणून मी मोठा बूट घ्यायचे, त्यात मोज्यांचे दोन जोड घालायचे आणि नाड्या आवळून बोटं सुन्न करून घ्यायचे. तरी टाच आत उचलली जायचीच. वळताना आधी पाय वळायचा, बूट नंतर. सर एकदा म्हणाले, "तू बरोबर जागी पोचतेस, तुझे बूट मागून येतात."

त्यांनीच मला सांगितलं की नीट बसलेला बूट कसा असतो. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की ती सुटावीत, आणि टाच अजिबात हलू नये. मी दोन वर्षं खेळत होते, चांगली खेळत होते, आणि असं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

भाऊ, म्हणजे माझे वडील, मार्केटच्या कामाला जळगावला आले की मावशीकडे डोकावत. एकदा ते कोर्टावर आले आणि खेळ संपेपर्यंत पायरीवर बसून राहिले. घरी जाऊन मावशीला म्हणाले, पोरगी पळते चांगली, पण तिच्या पायात काहीतरी चुकतंय. मग सरांना भेटून कसले स्केट्स लागतात ते विचारून आले. मला आश्चर्य वाटलं. आमच्या घरात मुलीच्या खेळावर कुणी कधी इतका वेळ बोललं नव्हतं.

आम्ही शोधायला लागलो. जळगावच्या दुकानांमध्ये वाढदिवसाला द्यायचे, स्क्रूने लहानमोठे होणारे स्केट्स होते. हॉकीचे म्हटल्यावर दुकानदाराने मैदानावरच्या हॉकीच्या काठ्या काढून दाखवल्या. मग मावसबहिणीच्या फोनवरून मागवले. पहिला जोड लांबीला अगदी बरोबर आला, पण चवडा असा दाबला गेला की थोड्याच वेळात करंगळी आहे की नाही ते कळेना. बदलून मोठा मागवला, तर टाच सैल. दुसऱ्या कंपनीचा मागवला, तोही अरुंद. प्रत्येक वेळी मी घरात गादीवर उभी राहून बघायचे, चाकं जमिनीला टेकू द्यायचे नाही, कारण टेकली तर परत घेत नाहीत. शेवटी भाऊंनी मोचीकडे नेलं. त्याने बूट दाबून पाहिला आणि सांगितलं की कातडं असतं तर ताणलं असतं, हे प्लास्टिक आहे, तडकेल.

दहावीची परीक्षा संपली आणि सरांचा फोन आला. धुळ्यात एक मुलगी होती, राज्यापर्यंत खेळलेली. तिचे पाय माझ्यासारखे रुंद, आणि स्केट्स पडून होते. ती आता खेळत नव्हती.

भाऊ आणि मी एसटीने धुळ्याला गेलो. मे महिना होता, बसच्या खिडकीची सळई हाताला चटके देत होती. देवपुरातल्या त्यांच्या घरी आधी तिची आई भेटली. मी तिला काकू म्हटलं. तिने पाणी दिलं, आणि आम्ही काही विचारायच्या आत आतून स्केट्स, काठी, हातमोजे, गुडघ्याचे पॅड, सगळं आणून समोर ठेवलं.

"बठ्ठं लई जा बाई," सगळंच माझ्याकडे सरकवत ती अहिराणीत म्हणाली. "घरमा ठेईसन काय करसूत?"

मग ती मुलगी बाहेर आली. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. चालताना उजवा पाय जरा फेकत होती. तिच्या गुडघ्याची नस तुटली होती, ऑपरेशन झालं होतं, आणि पुन्हा खेळायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे सगळं काकूंनीच सांगितलं, ती समोर बसलेली असताना. मग ती उठली, माझ्यापुढे खाली बसकण मारली, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि बूट चढवला. मला फार अवघडल्यासारखं झालं. मी पाय मागे घेऊ लागले, तर तिने घोटा धरून ठेवला.

नाड्या तिने खालून वर बांधत आणल्या. बोटांवर सैल, पावलाच्या उंचवट्यावर घट्ट, घोट्यापाशी पुन्हा किंचित सैल. मी आजवर सगळीकडे सारख्याच आवळायचे. मग तिने मला उभं केलं.

चवडा मोकळा होता. बोटं पुढे टेकत होती. मी गुडघे वाकवले, बोटं सुटली. टाच हलली नाही. मी परत सरळ झाले, परत वाकले. डाव्या घोट्याचं हाड तेवढं आतून टोचत होतं, बाकी कुठे काही नाही. मला हसू यायला लागलं, आणि तिच्याकडे बघून ते मी आवरलं.

"टोचतंय का?" तिने विचारलं.

"डावीकडे, थोडं."

"मलाही टोचायचं. बूट गरम करून घे, जाईल ते." मग नाडीचं टोक आत खोचत म्हणाली, "मी दुखलं तरी सांगायची नाही. तू सांगत जा."

आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली नाही. बस पारोळ्याच्या पुढे गेल्यावर भाऊ म्हणाले, पोरीचं वाईट झालं. मी स्केट्सची पिशवी मांडीवर धरून बसले होते. मला वाईट वाटत होतं आणि नव्हतंही.

ती सुट्टी मी गावी काढली. आमच्या केळीच्या पॅकिंग शेडची फरशी गुळगुळीत सिमेंटची, केळीच्या चिकाने जागोजाग काळी पडलेली. दुपारी माल नसला की ती रिकामी असायची. तिथे मी स्केट्स घालून नुसती उभी राहायचे, मग चालायचे, मग खांबापासून खांबापर्यंत सरकायचे. सर म्हणाले होते की आधी घरातच घाल, टीव्ही बघताना घाल, जेवताना घाल. जेवताना मात्र आईने घालू दिले नाहीत. चाकांचे बूट घालून ताटावर बसायचं म्हणजे काय, असं ती म्हणाली, आणि भाऊंनीही तिचीच बाजू घेतली.

घोट्याला फोड आला, फुटला, त्याखाली दुसरा आला. मी चिकटपट्टी लावून वर मोजा चढवायचे. संध्याकाळी मोजा काढताना तो कातडीला चिकटलेला असायचा आणि कोमट पाण्यात पाय बुडवून सोडवावा लागायचा. एकदा भाऊंनी ते पाहिलं.

"दुखतं का तुले?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. मग धुळ्याची ती आठवली आणि हो म्हटलं.

बूट गरम करायचं यंत्र असतं म्हणे, पण ते कुठे मिळणार? फैजपूरला माझ्या चुलतभावाच्या बायकोचं ब्यूटी पार्लर आहे. भाऊंनी मला मोटारसायकलवरून तिच्याकडे नेलं. वहिनीने एका नवरीचे केस अर्धवट ठेवून केस वाळवायचा ड्रायर माझ्या हातात दिला. मी डाव्या बुटात घोट्याच्या जागी गरम हवा सोडली, हात लावला की मऊ लागेपर्यंत. मग तिथे कापसाची घडी ठेवून पाय घातला, नाड्या बांधल्या आणि बूट गार होईपर्यंत पार्लरच्या खुर्चीत हलायचं नाही असं ठरवून बसले. नवरी आरशातून माझ्याकडे बघत होती. वहिनी तिला सांगत होती की हिला हॉकी खेळायची आहे. भाऊ बाहेर पायरीवर.

दोन-तीन खेपा केल्या तेव्हा हाडाला जागा झाली. त्यानंतर एका दुपारी शेडमध्ये मी खांबाला वळसा घेतला आणि पाय वळला तेव्हाच बूटही वळला. मधे काही वेळ गेलाच नाही. मी दुसऱ्या बाजूने वळून पाहिलं. तसंच. तो आनंद मला अजून नेमका सांगता येत नाही. तिथे कुणी नव्हतं, मी कुणाला सांगितलंही नाही. पायांत काहीच नाही असं वाटत होतं.

जूनमध्ये मी जळगावला परत गेले. कोर्टावर मुली कमी दिसल्या. मला वाटलं, शाळा नीट सुरू व्हायची आहे, येतील. आमची गोलकीपर पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली होती. एक लातूरला क्लासला. एकीच्या घरच्यांनी दहावी झाली, आता खेळ पुरे असं सांगितलं होतं. जी माझ्याबरोबर सगळ्यात जास्त खेळायची तिची सोयरीक ठरत होती, ती आठवडाभर आली आणि मग नाही. संघाला चार जणी आणि एक गोलकीपर लागते, राखीव वेगळ्या. आम्ही तिघी उरलो, त्यातली एक सातवीतली.

सर घरोघरी जाऊन आले. धुळ्याच्या मुली मिळतात का पाहिलं, तिथे तर कुणीच उरलं नव्हतं. मग त्यांनी स्पर्धेला मुलांचा तेवढा संघ पाठवला. मी मुलांबरोबर सराव करायचे. माझे बूट आता मागून येत नव्हते. सर ते बघायचे. दिवाळीनंतर त्यांना नाशिकला नोकरी लागली.

त्यांनीच मला नाशिकला राज्य स्पर्धेसाठीच्या निवड चाचणीला बोलावलं. भाऊ बरोबर आले. तिथे छप्पर असलेला हॉल होता, खाली निळी गुळगुळीत फरशी. अशा फरशीवर मी कधी उतरले नव्हते. तिथल्या मुली लहानपणापासून एकत्र खेळलेल्या, एकमेकींकडे न बघता पास द्यायच्या. मी त्यांच्या मागे पडले नाही. त्या दिवशी मी जे जे करायला गेले ते ते झालं. संपल्यावर निवड करणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. त्या चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, स्केटिंग छान आहे, बूटही छान बसलेत.

"पण तुमच्या जिल्ह्याचा मुलींचा संघच नाही," त्या म्हणाल्या, "तर तुला आम्ही कुठून खेळवायचं?"

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी नाशिकलाच राहिली तर चालेल का असं विचारलं. त्या म्हणाल्या, आधी इथल्या कॉलेजात प्रवेश हवा, मग पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी माझी बारावी होती. घरात एकदा तो विषय निघाला, आईने आणि मावशीने नको म्हटलं, भाऊ काही वेळ बोलले आणि मग तेही थांबले.

बारावीच्या वर्षी शाळेने कोर्टावर पेव्हर ब्लॉक टाकले, गाड्या लावायला. मी एकदा तिथे जाऊन पाहिलं. ब्लॉकच्या फटींत चाकं अडकतात. दोन ढांगांत मी गुडघ्यावर पडले आणि उठून स्केट्स काढले.

धुळ्याला एकदा फोन केला होता. तिचं लग्न झाल्याचं काकूंनी सांगितलं, सुरतेला असते म्हणाल्या. मी त्यांच्याकडून नंबर घेतला, पण लावला नाही. काय सांगणार होते?

आता मी अमळनेरला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. डाव्या घोट्यावर एक घट्टा आहे, तो थंडीत जरा ठणकतो. मागच्या महिन्यात गावी गेले होते तेव्हा भाऊ म्हणाले, स्केट्स कुणाला तरी उपयोगी पडतील, बघ विचारून. मी सरांना विचारलं, ते म्हणाले नाशिकच्या मुलींकडे नवे आहेत. जळगावात ज्यांना ज्यांना विचारता येईल त्यांना विचारलं. हॉकी खेळणारी मुलगी कुणाच्याच ओळखीत नव्हती. माळ्यावरून काढून पाहिले तर बूट होते तसे होते, पण चाकांचं रबर सुटत होतं. अंगठ्याने दाबलं की त्याचा पिवळा भुगा पडायचा.

भाऊंनी चाकं बदलता येतात का विचारलं. येतात, मी म्हटलं. त्यांनी बुटांवरून कोरडं फडकं फिरवलं, नाड्या आत खोचल्या आणि पिशवी परत माळ्यावर ठेवली. मी दुपारच्या एसटीने निघाले. सोमवारी प्रॅक्टिकल होतं.